अब्जांश पदार्थ : गवती चहापासून रुग्णशय्येपर्यंत

औषध रोगाच्या जागी नेमके पोहोचावे व निरोगी पेशींना त्याची झळ लागू नये, ही वैद्यकशास्त्राची जुनी अपेक्षा आहे. कर्करोगावरील अनेक औषधे रोगट पेशींबरोबरच वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही मारतात. केस गळणे किंवा पांढऱ्या रक्तपेशी घटणे हे त्याचेच परिणाम होत. ही हानी टाळण्याच्या प्रयत्नांत अब्जांश अर्थात नॅनो पदार्थांना महत्त्व आले आहे.

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अब्जांश कण साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. मानवी तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. एवढ्या लहान आकारात पदार्थाचे गुणधर्म बदलतात. सोन्याचे गोलाकार अब्जांश कण पाण्यात पिवळे न दिसता तांबडे दिसतात. गर्भधारणा तपासणीच्या पट्टीवरील तांबडी रेघ बहुधा अशाच कणांमुळे उमटते. कणांवर बसविलेली प्रतिपिंडे मूत्रातील विशिष्ट संप्रेरकाला चिकटतात आणि ते कण रेघेच्या जागी अडकतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी आणि वनस्पती यांच्या साहाय्याने धातूंचे अब्जांश कण तयार केले. २००४ मध्ये या गटाने गवती चहाच्या पानांच्या अर्कापासून सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण मिळविल्याचे 'नेचर मटेरिअल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात अर्क मिसळला असता त्यातील घटक क्षपण घडवून आणतात. हे त्रिकोणी कण निकट-अवरक्त प्रकाश शोषतात. हा प्रकाश शरीराच्या ऊतींमध्ये दृश्य प्रकाशापेक्षा खोलवर शिरतो. त्यामुळे गाठीत पोहोचविलेले कण बाहेरून तापवून रोगट पेशी नष्ट करण्याची शक्यता निर्माण होते.

तथापि, शक्यता म्हणजे उपचार नव्हे. रक्तात सोडलेले अब्जांश कण मोठ्या प्रमाणावर यकृत व प्लीहा यांत साठतात. प्रत्येक खेपेस कणांचा आकार सारखा येणे, ते विषारी नसणे आणि शरीराबाहेर टाकले जाणे, या कसोट्यांवर ते उतरावे लागतात.

शरीराच्या संपर्कात राहणाऱ्या जैवपदार्थांचा अनुभवही हेच सांगतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप विकसित करताना आधीचे तीन नमुने अपयशी ठरले. धातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची चकती असलेली चौथी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली.

अब्जांश औषधांनीही ही वाट चालली आहे. मेदावरणातील डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्ये, तर अल्ब्युमिनशी जोडलेल्या पॅक्लिटॅक्सेलला २००५ मध्ये मान्यता मिळाली. भारतात २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू झाले आणि २०१९ मध्ये अब्जांश औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली.

प्रयोगशाळेतील शोध आणि रुग्णाला मिळणारा दिलासा यांत चाचण्यांचा दीर्घ टप्पा असतो. संशोधनाइतकेच बळ या टप्प्याला मिळाले, तरच देशी संशोधनाचा लाभ सामान्य रुग्णापर्यंत पोहोचेल.