उमेदवारीचा तास

व्यापारी घराण्यांना ‘उमेदवारी’ हा शब्द नवा नाही. मामाच्या किंवा एखाद्या स्नेह्याच्या पेढीवर मुलाला ठेवले जाई. आधी झाडलोट, निरोप, मोजमाप. पुढे रोजमेळ, आणि हात बसला की खतावणी. वेतनाचे नाव निघत नसे. परंतु राहणे, जेवणे आणि मुनीमजींच्या शेजारी बसून शिकणे हेच वेतन मानले जाई.

नंदुरबार जिल्ह्याच्या बाजारपेठेत आज या उमेदवारीचे रूप पालटले आहे. गादीवर घरचीच मुले बसतात. दुकानामागच्या दुरुस्तीघरात पान्हा हाती धरलेला मुलगा मात्र धडगाव किंवा अक्कलकुव्याकडच्या एखाद्या पाड्यावरून आलेला असतो. शहाद्याच्या ऊस, केळी, पपईच्या बागायतीमुळे पंप, ट्रॅक्टर आणि मोटार रिवाइंडिंगचे काम बारमाही चालते. मुलगा चार वर्षांत निष्णात होतो. कागदोपत्री मात्र तो कोणीच नसतो. उद्या सुरतेच्या एखाद्या कारखान्याच्या दाराशी उभा राहिला तर दाखवायला त्याच्याजवळ हातांवरच्या घट्ट्यांखेरीज काही नसते.

हे टाळण्याची तजवीज कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ १९६१ सालचा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेलाही स्वेच्छेने उमेदवार घेता येतात, ही २०१९ ची तरतूद मात्र लहान व्यापाऱ्यांच्या कानी फारशी पडलेली दिसत नाही. जिल्ह्यातील कितीतरी पेढ्या आणि जिनिंगचे कारखाने याच मापात बसतात.

नोंदणी ऑनलाइन होते आणि मालक-उमेदवार यांच्यात करार होतो. विद्यावेतन मालकाने द्यायचे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विहित विद्यावेतनाचा पंचवीस टक्के हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र शासन उचलते. २०२३ पासून हा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. काम करताना इजा झाल्यास भरपाईचे दायित्व मालकावर आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे, असे मात्र कायदा सांगत नाही. या एका धास्तीपायी हात आखडणाऱ्यांनी एवढे तरी वाचून घ्यावे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या मुलास मूलभूत प्रशिक्षणातून सूट असते. कोऱ्या मुलाला ते आधी घ्यावे लागते. पुढे कारखान्यातल्या कामाबरोबर तात्त्विक भागाचे वर्ग असतात आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. ती उत्तीर्ण झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, आणि त्याची किंमत तापीकाठी जेवढी, तेवढीच सुरतेला.

खरी अडचण असते ती परीक्षेच्या अभ्यासाची. साधने नाहीत असे नाही. चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था, जिला सारे ‘निमी’ म्हणतात, या व्यवसायांची पाठ्यपुस्तके काढते. मुख्य व्यवसायांची मराठीतही मिळतात. ‘भारत स्किल्स’ या शासकीय संकेतस्थळावर अभ्यासक्रम, प्रश्नपेढ्या आणि चित्रफिती विनामूल्य आहेत. पण पुस्तकात ‘संधाता’ आणि ‘जोडारी’; दुकानात ‘वेल्डर’ आणि ‘फिटर’; आणि मुलाच्या घरी बोली पावरी किंवा भिली. एका वस्तूची तीन नावे! ती एकमेकांशी जुळवून देणारा माणूस कोणत्याही संकेतस्थळावर भेटत नाही. तो दुकानातच असतो: जुना मिस्त्री, किंवा क्वचित स्वतः शेठ. आणलेला सुटा भाग पुस्तकातल्या आकृतीशेजारी ठेवून नाव सांगायला त्याला पाच मिनिटे लागतात.

दुसरी अडचण वेळेची. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत राबलेला मुलगा भाड्याच्या खोलीत पुस्तक उघडून किती वाचणार? इथे अधिनियमातले एक छोटे कलम मोलाचे आहे. तात्त्विक वर्गांना जाण्यात गेलेला वेळ हा वेतनी कामाचाच वेळ धरावा, असे ते सांगते. म्हणजे मुलगा वर्गाला गेला म्हणून त्याचे विद्यावेतन कापता येत नाही. पूर्वी गादीवरच्या मुलाला मुनीमजी खतावणी समजावत, तेव्हा त्या घटकेचे पैसे कोणी वळते केले होते?

चैत्र-वैशाखात दुपारी एक ते चार या वेळात बाजार तसाही ओसाड पडतो. शटर अर्धे ओढलेले असते, पंखा फिरत असतो, दुकानाचे वाय-फाय चालूच असते. परीक्षेचा अर्ज भरलेल्या मुलाला त्या वेळात गल्ल्यामागची खुर्ची आणि मोबाइलवरची प्रश्नपेढी पुरते. अडलेला शब्द विचारायला मिस्त्री समोरच डबा सोडून बसलेला असतो.