गादी रिकामी की भरलेली?

२६ ऑक्टोबर १९५८. व्हॅटिकनच्या धुराड्यातून निघालेला धूर लोकांना पांढरा वाटला. पोप निवडले गेले म्हणून जल्लोष झाला आणि पाहता पाहता धूर काळा झाला! दोन दिवसांनी जॉन तेविसावे पोप झाले. त्यांनी बोलावलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लॅटिन मिस्सेत लोकभाषांना वाट दिली.

मूठभर परंपरानिष्ठ कॅथलिकांना परिषदेचे निर्णय धर्मद्रोह वाटले. पाखंडी माणसाची पोप म्हणून झालेली निवड रद्दबातल, असे पॉल चौथे यांनी १५५९ मध्येच फर्मावले होते. त्याच्या आधारे त्यांनी गादीच रिकामी ठरवली. काही जण तर त्या धुराचाही दाखला देतात. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे निवडले गेले, तरी या मंडळींच्या लेखी गादी रिकामीच!

मग ती भरायची कोणी? पोप निवडतात कार्डिनल आणि कार्डिनल नेमतो पोप. १९५८ पूर्वी नेमलेले सारे कार्डिनल आता काळाच्या पडद्याआड गेले आहेत. १९९० मध्ये अमेरिकेतील कॅन्ससमध्ये सहा जणांनी जमून डेव्हिड बॉडन यांना ‘पोप मायकल’ केले. त्या सहांत ते स्वतः आणि त्यांचे आईवडील होते!

हसू येते, पण पेच खरा आहे. पोपचा शब्द अखेरचा मानणारेच पोप खरा की खोटा हे ठरवू लागले, तर अखेरचा शब्द उरतो कोणाचा?