ओटीपी उशिरा आला की चालत का नाही? मेसेजलाही असते मुदत!

पीएम किसानची ई-केवायसी असो की पीक विम्याचा अर्ज, गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. ओटीपी वेळेवर येत नाही, आणि आला तर ‘मुदत संपली’ म्हणून वेबसाइट तो घेत नाही. रेंज कमी असलेल्या वाडी-वस्तीवर तर हे रोजचंच. दर वेळी दोष मोबाइलचा नसतो. मेसेज आणि कनेक्शन, दोघांनाही ठरावीक आयुष्य दिलेलं असतं.

मेसेज अडकतो कुठे?

एसएमएस थेट तुमच्या मोबाइलवर येत नाही. आधी तो मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्रात जमा होतो. तुमचा फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल, तर केंद्र तो राखून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतं. किती वेळ ठेवायचा, हे पाठवणाऱ्याला मेसेजसोबतच सांगता येतं. मुदत उलटली की मेसेज पुसला जातो. व्हॉट्सअॅपसुद्धा न पोचलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच ठेवतं.

ओटीपीचं घड्याळ मात्र वेबसाइटकडे चालतं. तेही नंबर तयार झाल्यापासून, तुमच्या हातात पडल्यापासून नाही. आधारचा ओटीपी १० मिनिटं चालतो. वाटेत ११ मिनिटं गेली तर तो आला काय नि न आला काय, सारखंच. मुदत कमी ठेवण्यामागे कारण आहे. जुना नंबर भामट्याच्या हाती लागला, तरी त्याच्या कामाचा राहू नये.

अर्ज मधेच बंद का पडतो?

फोनवर बोलताना समोरचा एकदम गप्प झाला, तर आपण दोन-चारदा ‘हॅलो, हॅलो’ करतो नि फोन ठेवतो. सर्व्हरचंही तसंच. रेंज गेलेला माणूस ‘मी चाललो’ असं सांगून जात नाही. मग सर्व्हर काही वेळ वाट बघतो आणि कनेक्शन तोडतो. प्रत्येक उघडं कनेक्शन त्याची जागा अडवतं. सगळीच धरून ठेवली तर नव्या माणसाला जागा उरणार नाही.

यूपीआयचे पैसे पाठवताना असं झालं तर जास्त सांभाळा. कनेक्शन तुटलं म्हणजे पैसे गेले नाहीत, असं नाही. तुमचा निरोप बँकेत पोचलेला असू शकतो, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. लगेच दुसऱ्यांदा पाठवले तर दोनदा कापले जातात.

काय करावं?

- ‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबू नका. नवा ओटीपी निघाला की बहुतेक ठिकाणी जुना रद्द होतो. म्हणून सगळ्यात शेवटचाच टाका.
- आधार, बँक खातं, गट नंबर आधीच कागदावर काढून ठेवा. रेंज असलेल्या जागी बसूनच अर्ज उघडा.
- यूपीआय अडकलं तर आधी खात्यातली शिल्लक आणि व्यवहारांची यादी बघा, मगच पुढचं बटण दाबा.