उसनं विरजण, दूध आपलं

मैत्रिणींनो, शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं म्हणून आपलं दही काही तिचं होत नाही. दूध आपलं, चव आपल्या घरची. पण दूधही तिचं, भांडंही तिचं आणि वर झाकण तेवढं आपलं, असं असेल तर? मुलांच्या एका कॉमिक्सला मी हाच हिशेब लावून पाहिला.

स्पायडरमॅन आपल्या लेकरांना चांगला ठाऊक आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा हा नायक १९६२ साली अमेरिकेत अवतरला. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला चक्क मुंबईत आणलं, तेही धोतर नेसवून! पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, मे काकूची माया काकू. कोळी चावण्याऐवजी एका योग्याकडून त्याला शक्ती मिळते.

खरं सांगू? ही नावांची अदलाबदल म्हणजे नुसतं झाकण. योगीबाबाही तसेच. परदेशी माणसाला आपला देश असाच दिसतो!

पण दोन गोष्टी मला आपल्या वाटल्या. पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, त्याच्या कपड्यांवरून शाळेतली मुलं हसतात. आमच्या इंझोरीतून कारंजा, वाशीम, अमरावतीला शिकायला जाणाऱ्या लेकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एखादी पोरगी दिवाळीला घरी येते आणि आईला म्हणते, "तिथं माझ्या बोलण्यावर हसतात गं."

दुसरी गोष्ट भीम काकांची. मूळ कथेत पीटर एका चोराला जाऊ देतो आणि तोच पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. इथे गुंडांनी घेरलेल्या एका बाईची हाक पवित्र ऐकून न ऐकल्यासारखी करतो. काका मात्र धावून जातात आणि मारले जातात. सांगाडा उसनाच, पण ती हाक आपल्या रस्त्यावरची आहे. बचत गटाच्या कामात किती बायांकडून ऐकलंय, "ओरडले, पण शेजारचं दार उघडलं नाही." कथेचा जीव मला इथेच सापडला.

२०२३ च्या स्पायडरमॅन चित्रपटात हा पवित्र पुन्हा आला, तो मराठीतही डब झाला. आता तो बुजरा नाही. 'चाय टी' म्हणणाऱ्या परदेशी पाहुण्याला तो ठणकावतो, की चाय म्हणजेच चहा!

तेव्हा आपलं लेकरू कुठलं चित्र बघून काढत असेल, तर "कॉपी करतोस?" म्हणून लगेच रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "यात आपल्या गावचं काय घालशील?" एखादं लेकरू बाभळीवर बसलेला स्पायडरमॅन काढेल. काढू द्या. आणि एखादीने हाकेला धावून जाणारी आपली आजीच काढली, तर ते चित्र भिंतीवर लावा.