एकच बार! – ठासणीची रायफल निवडताना

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला इतिहासाचं पुस्तक आठवतं. कोकणातल्या मित्रांना कदाचित शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेली बंदूक आठवेल. अमेरिकेत मात्र ही वस्तू अजून दुकानात मिळते आणि दर हिवाळ्यात हजारो लोक ती खांद्यावर टाकून हरणाच्या शिकारीला निघतात. कारण तिथल्या बहुतेक राज्यांत अशा बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये फक्त गारगोटीवर चालणाऱ्या बंदुकांसाठी असा हंगाम सुरू केला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दरवाजे बंद केले आणि ते बरंच झालं. मग हा लेख कशाला? एक तर एम.एस.ला गेलेल्या सीनिअर्सना तिथल्या मित्रांच्या तोंडी हा विषय हमखास ऐकायला मिळतो. दुसरं म्हणजे डिझाइनच्या दृष्टीने हा झकास प्रश्न आहे: बजेट कमी, यंत्र साधं, आणि चुकीला जागा नाही. या रायफलीत एका वेळी एकच गोळी. पुन्हा ठासायला सरावलेल्या माणसालाही अर्धा मिनिट तरी लागतो. तोवर नुसतं जखमी झालेलं हरीण जंगलात नाहीसं होतं आणि तासन्‌तास तडफडून मरतं. म्हणून इथे ‘परवडणारी’ याचा अर्थ ‘सर्वांत स्वस्त’ असा नाही. तो एक बार खात्रीने जिथे पाहिजे तिथे लागला पाहिजे, आणि त्यासाठी कमीत कमी किती पैसे लागतील, हा खरा प्रश्न.

आधी नियम, मग बंदूक

पारंपरिक रायफल म्हणजे लाकडी दस्ता, बाजूला बसवलेला घोडा आणि उघडी प्रज्वलन यंत्रणा. १९८५ मध्ये टोनी नाइट यांची एमके-८५ आली, तेव्हापासून नळीच्या सरळ मागे टोपी बसवणाऱ्या ‘इनलाइन’ रायफलींनी बाजार व्यापला. पण नियम राज्यागणिक बदलतात. कुठे इनलाइन चालते, कुठे नाही. कोलोरॅडोत या खास हंगामात रायफलीवर दुर्बीण लावता येत नाही. म्हणून ज्या राज्यात शिकार करायची त्याचं त्या वर्षीचं नियमपत्रक आधी वाचायचं, नाहीतर रायफल घरात शोभेला!

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात एकसंध तयार काडतुसं वापरू न शकणारी, काळ्या दारूची ठासणीची रायफल साधारणपणे ‘अँटिक’ धरली जाते. पण राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. व्हिसावर असलेल्या मंडळींनी तर नीट चौकशी केल्याशिवाय हातही लावू नये.

गारगोटी की टोपी?

फ्लिंटलॉकमध्ये घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादी पात्यावर घासते. पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात, हवेत पेटतात आणि खालच्या रंजकावर पडतात. रंजक पेटतं, ती आग बारीक छिद्रातून आत जाते, मग मुख्य दारू पेटते. म्हणजे चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत साखळीत बऱ्याच कड्या. पाऊस, बोथट गारगोटी, नीट कठीण न केलेलं पातं यापैकी काहीही आडवं आलं की फुसका बार!

पर्कशन प्रकारात घोडा निपलवर बसवलेल्या छोट्या तांब्याच्या टोपीवर आपटतो आणि ठिणगी थेट आत जाते. कड्या कमी, बिघाडही कमी. स्वस्त फ्लिंटलॉक बहुधा पात्याच्या कडकपणात मार खातो (मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलमधलं हार्डनिंग आठवा). तेव्हा नियम सक्ती करत नसतील तर कमी बजेटमध्ये पर्कशनच घ्यावी. फ्लिंटलॉक घ्यायचाच झाला तर पैसे लॉकवर घालावेत, पितळी नक्षीवर नाही. आणि त्याला खरी काळी दारूच लागते. बदली दारू पेटायला जास्त तापमान लागतं, त्यामुळे ती गारगोटीच्या ठिणगीला दाद देत नाही.

पीळ किती?

नळीच्या आतल्या सर्पिल खाचा गोळीला फिरकी देतात. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, त्याला आपण पीळ म्हणू. १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल यांनी लांबट गोळ्यांसाठी सोपं सूत्र दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. अर्धा इंच व्यासाच्या, एक इंच लांब गोळीला ते ३७.५ इंच पीळ सांगतं. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच. ०.४९ इंचाच्या गोळीला तेच सूत्र ७३.५ इंच देतं. सूत्र गोल गोळीसाठी नाही, पण कल बरोबर दाखवतं. लांबट गोळी हवेत कोलांटी खाऊ पाहते, तिला जोरदार फिरकी लागते. गोल गोळीला कोलांटीची भीती नाही. तिच्यातला थोडाफार असमतोल सगळ्या बाजूंना वाटला जाईल एवढी फिरकी पुरे.

म्हणून गोल गोळीच वापरणार असाल तर ६० ते ७० इंचांचा संथ पीळ उत्तम. लांबट शिशाची गोळी वापरायची तर ३० च्या आसपासचा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त रायफलींवर ४८ इंचांचा पीळ असतो. ही तडजोड आहे, पण वाईट नाही. दारू मध्यम ठेवली तर गोल गोळीही त्यातून छान जाते.

कॅलिबर

गोळा घनाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेतलं गणित इथे उपयोगी पडतं. .४५ कॅलिबरची ०.४४० इंची गोळी साधारण ८.३ ग्रॅम, .५० ची ०.४९० इंची ११.५ ग्रॅम आणि .५४ ची ०.५३० इंची १४.५ ग्रॅम. व्यास वीस टक्के वाढला तर वजन पाऊणपट वाढलं! पांढऱ्या शेपटीच्या हरणाला .५० पुरेशी आहे. शिवाय गोळ्या, कापडी चकत्या, साफसफाईचं सामान याच मापात सगळीकडे मिळतं, आणि ही बचत वर्षानुवर्षं होते. सांबरासारख्या मोठ्या एल्कचाही विचार असेल तर .५४.

पण गोल गोळीचा आकार हवेला फार आवडत नाही. १०० यार्ड जाईपर्यंत तिची अर्ध्याहून जास्त ऊर्जा संपलेली असते. म्हणून जाणकार ५० ते ७५ यार्डांच्या आत जाऊनच चाप ओढतात.

नवी, जुनी की किट?

.५० कॅलिबर आणि ४८ इंची पिळाच्या, ट्रॅडिशन्स कंपनीच्या डीअरहंटरसारख्या साध्या पर्कशन रायफली काहीशे डॉलरच्या घरात येतात. हाताने घडवलेल्या लाँगरायफलला हजारो मोजावे लागतात. मधला मार्ग दोन. एक, किट: भाग तयार मिळतात, घासणं, बसवणं, पॉलिश आपलं. वर्कशॉपमध्ये फाइलिंगला कंटाळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये! दोन, जुनी रायफल. थॉम्प्सन/सेंटरने १९७० मध्ये आणलेली हॉकेन आणि लायमनने विकलेली ग्रेट प्लेन्स या जुन्या बाजारात भेटणाऱ्या भरवशाच्या रायफली. ग्रेट प्लेन्सचा पीळ ६० इंची, म्हणजे खास गोल गोळीसाठी.

जुनी घेताना हे बघाच:

१) भरलेली तर नाही ना? नळीचं तोंड स्वतःकडे कधीच नको. गज तळापर्यंत घालून खूण करा आणि बाहेरून नळीला लावून बघा. खूण निपलच्या किंवा छिद्राच्या बऱ्याच अलीकडे संपली तर आत दारूगोळा आहे. वर्षानुवर्षं भरलेल्याच राहिलेल्या बंदुका खरोखर सापडतात.

२) नळी आतून गंजलेली आहे का? तेलाची चकती गजावर घालून ओढा. मध्येच अडकली किंवा फाटली तर रायफल सोडून द्या. दस्त्यावरचा ओरखडा चालेल, नळीतला खड्डा नाही.

३) घोडा अर्ध्या खाचेवर घट्ट थांबतो का? चाप दाबून सुटत असेल तर ती रायफल फुकटसुद्धा नको.

४) दस्ता खांद्याला नीट लागतो का? जुन्या धाटणीच्या चंद्रकोरी दस्त्याची टोकं खांद्यात रुततात. तो दंडाच्या वरच्या भागावर टेकवायचा असतो.

खर्च इथे संपत नाही

किमतीत दारू, गोळ्या, टोप्या, दारूचं माप आणि साफसफाई धरा. बिनधुराची आधुनिक दारू पारंपरिक रायफलीत कधीही घालायची नाही, थोडीशीसुद्धा नाही. तिचा दाब वेगळ्याच पातळीचा असतो, नळी फुटते. काळ्या दारूचं प्रमाण रायफलीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. जळून उरलेली काजळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावणं आलंच.

उरलेले सगळे पैसे सरावावर. त्यातही एक गंमत आहे. मैदानावर दहावी गोळी कुठे लागते याला शिकारीत काही किंमत नाही. तिथे थंड, स्वच्छ नळीतून सुटलेली पहिलीच गोळी मोजली जाते. म्हणून प्रत्येक गोळीनंतर नळी पुसायची, थंड होऊ द्यायची आणि मग पुढची ठासायची. ज्या अंतरावरून अशा पहिल्या गोळ्या दर वेळी थाळीएवढ्या वर्तुळात बसतात, तेच आपलं अंतर. त्यापलीकडे हरीण कितीही देखणं उभं असलं तरी घोडा हळूच खाली उतरवायचा आणि त्याला जाऊ द्यायचं.