दंगा शमल्यानंतर

पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते : ‘१८७५ च्या दख्खनमधील दंग्यानंतर सरकारने १८७९ चा कायदा केला व शेतकरी कर्जमुक्त झाला.’ सनावळी बरोबर असते, कायद्याचे नावही बहुधा बरोबर असते. म्हणून गुण द्यावे लागतात. शेवटच्या तीन शब्दांखाली मात्र तांबडी रेघ ओढावीशी वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर निघालेल्या समाधानाच्या उद्गारांत मला याच वाक्याचा प्रतिध्वनी ऐकू आला. इतका दीर्घ रक्तपात ओसरत आहे, याचे समाधान कोणाला वाटणार नाही? परंतु बंदुकीचा आवाज थांबला म्हणजे शेतकऱ्याचे वर्षाचे गणित आपोआप जुळते, असे मानण्याची चूक या महाराष्ट्राने एकदा केलेली आहे, आणि तीही पुण्यापासून फार दूर नव्हे.

वारज्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला सुपे गाव मोटारीने दोन-अडीच तासांचे. आज ते बारामती तालुक्यात मोडते. तेव्हा ते भीमथडीत होते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथे जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली आणि कर्जरोखे व चोपड्या मागून घेऊन त्यांची होळी केली. लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. माणसांवर हात फारसा पडला नाही; राग कागदावर होता. तो राग समजण्यासारखा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले तेव्हा सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, साऱ्याची फेरआकारणी सुरू होऊन सरकारी देणे वाढले. सारा रोख भरायचा आणि ठरल्या हप्त्यालाच भरायचा. पीक विकून पैसा हाती येण्याआधी हप्ता आला की सावकाराची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे कायद्याच्या हेतूविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दंग्याच्या आधीच, १८५९ मध्ये, मुदतीचा कायदा झाला होता. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरावा, म्हणजे व्याज साचत राहणार नाही, असा त्यामागील सद्हेतू होता. व्यवहारात झाले ते असे की, दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसू लागले. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेल्या तरतुदीनेच चक्रवाढीची सोय करून दिली.

चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे आला. मध्यंतरी १८७६-७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. तो कायदा वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. कर्जापायी होणारी कैद त्याने बंद केली, कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, सलोखा घडविणारे मध्यस्थ व दस्त नोंदणारे ग्रामनिबंधक नेमले. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीत वर्षे घालविली. १८८७ मध्ये ते त्याखालील विशेष न्यायाधीश झाले. तरीही कायद्याला एक गोष्ट साधता येत नव्हती : पुढच्या मृगाला बियाणे कोण देणार, याचे उत्तर त्यात नव्हते. गहाणखत न्यायालयात उलटते हे कळताच सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखत मागू लागला, आणि ज्याच्यापाशी तारण म्हणून जमिनीखेरीज काही नव्हते त्याला हात आखडून घेऊ लागला. जुने कर्ज हलके झाले आणि नवे कर्ज महाग झाले. सावकाराला आपण खलनायक ठरवून मोकळे होतो. पण तोच त्या गावाची बँक होता, तोच धान्याचा व्यापारी होता, आणि अडल्या वेळी सारा भरणाराही तोच होता. बँक मोडली आणि दुसरी उघडली नाही, असा हा प्रकार झाला.

दुसरी उघडण्याचा विचार कोणाला सुचला नव्हता असे नव्हे. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. रानडे व पुण्यातील मंडळींचा तिला पाठिंबा होता. हिंदुस्थान सरकारने १८८४ मध्ये तिची शिफारसही लंडनला केली. लंडनने ती नाकारली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली खरी. पण अर्ज, चौकशी, हुकूम या मार्गाने येणारी तगाई पेरणीची वाट पाहत नसलेल्या पावसाच्या मागे मागेच राहिली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो १९०४ साली. पुरंदरच्या शिफारशीपासून वीस वर्षे! त्या वीस वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. कायदे बदलता येतात, परंतु खरेदीखताने गेलेली जमीन सहसा परत येत नाही.

या काळात पुणे जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याला खरोखर आधार मिळाला, तो न्यायालयाकडून कमी आणि पाण्याकडून जास्त. कायद्याच्याच वर्षी, १८७९ मध्ये, खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. त्याचा डावा कालवा आमच्या वारजे-कोथरूडच्या अंगाने गेला, उजवा शहर ओलांडून पूर्वेकडे. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि ज्या भीमथडीत रोखे जळले होते तिच्या एका पट्ट्यात पुढे ऊस उभा राहिला. कालव्याकाठच्या शेतकऱ्याची पत वाढली, कारण त्याचे पीक पावसाच्या लहरीवर राहिले नाही. मात्र पाणीही पुरेसे नव्हते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले होते. नुसत्या शेतीवर बहुसंख्य कुटुंबांचा निभाव लागत नव्हता. जी तगली त्यांतील अनेकांना जवळच्या खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातील मजुरीचा हात होता. शहर जवळ असणे ही त्यांची पिकाची विमापॉलिसी होती. वारज्याचीही कथा निराळी नाही. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आले आणि आज तेथे नांगरलेले रान शोधावे लागते. येथील शेतकरी सावरला असेल तर शहर चालत त्याच्या बांधापर्यंत आले म्हणून. त्याचे श्रेय कोणत्याही योजनेने घेऊ नये.

शहरापासून दूर असलेल्या शेतकऱ्याला पर्याय उभा राहायला आणखी अर्धे शतक लागले. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत देशातील शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, इतकी १९०४ च्या रोपट्याची वाढ खुंटली होती. त्याच सुमारास, दंग्याची झळ लागलेल्या नगर जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा साखर कारखाना उभा केला. कर्ज, खरेदी आणि प्रक्रिया एका छपराखाली, सभासदांच्या मालकीची, असा तो प्रयोग होता. पुढे त्या चळवळीत काय काय शिरले हे वाचकांना सांगायला नको. आणि कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा उपयोग थोडाच झाला हेही खरे. त्याच्या कामी आली ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १८७९ च्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

हा सारा हिशेब घेऊन गडचिरोलीकडे पाहावे. सुप्याचा दंगा आणि तेथील सशस्त्र संघर्ष एका मापाने मोजता येणार नाहीत. एकाचा राग काही महिन्यांत शमला, दुसऱ्याने पिढ्या खाल्ल्या, आणि दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडला तो आदिवासी शेतकरी. पण शांततेनंतरचा प्रश्न तोच आहे. तेथे लहान धारणक्षेत्रावर पावसाचा एकच धान पिकतो. राज्याचे सरासरी धारणक्षेत्रच १९७०-७१ मधील ४.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आलेले आहे. पुणे नाही, खडकी नाही. सुरजागडची खाण व कोनसरीचा पोलाद प्रकल्प काही तरुणांना काम देतील. प्रत्येक टोल्यापर्यंत त्यांचा पगार पोहोचणार नाही.

मग गडचिरोलीचा कालवा कोणता? माझ्या मते तेथील जंगल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार खुद्द ग्रामसभेच्या हाती आला. तेथील बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागले, कामाची मजुरी गावातच फिरू लागली. धान बुडाला तरी बांबू व तेंदू उभे आहेत. एका उत्पन्नाच्या खांद्यावर दुसऱ्याचा भार, हीच तर पिंपळे सौदागरच्या तगलेल्या कुटुंबांची रीत होती. येथे ती गाव न सोडता साधते, एवढाच फरक.

परंतु हक्काचा कागद म्हणजे खेळते भांडवल नव्हे. हा पुरंदरचा धडा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांची संख्या मोजून अहवाल लिहिता येईल. त्या ग्रामसभेला हंगामापुरते कर्ज कोणती बँक, कोणत्या तारणावर देते, हे विचारले पाहिजे. जंगल तारण ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. मग पुढच्या लिलावाची रक्कम तारण समजून मर्यादा मंजूर करता येईल, राज्य सरकारला हमी घेता येईल. आदिवासी विकास महामंडळ धान विकत घेते ते चांगलेच. पण विकलेल्या धानाचे पैसे कधी हाती पडतात यावर शेतकरी व्यापाऱ्याकडे जाणार की केंद्रावर, हे ठरते. सारा आणि पीक यांच्या तारखा जुळल्या नाहीत, म्हणून सुप्याचा शेतकरी सावकाराकडे गेला होता.

मे महिन्यात तेंदूची तोड होईल. भल्या पहाटे निघालेली कुटुंबे दुपारपर्यंत पानांचे पुडके बांधून फळीवर आणतील. त्या दिवशी मजुरी चुकती करण्याइतके पैसे ग्रामसभेच्या खात्यात असावेत, यासाठी बँकांचे निर्णय त्या आधी, उन्हाळा लागण्यापूर्वीच, झालेले असावे लागतील.