हायस्पीड रेल्वेचा फायदा नेमका मोजायचा कसा?

हायस्पीड लाइन म्हटलं की आपण आधी वेग बघतो. पण तिचा फायदा फक्त वाचलेल्या मिनिटांत मोजला, तर हिशोब फसतो.

ब्रिटनच्या एचएस२ चं उदाहरण घ्या. सुरुवातीच्या हिशोबात कामानिमित्त फिरणाऱ्यांचा गाडीतला वेळ वायाच जातो, असं गृहीत धरलेलं. टीकाकार म्हणाले, लोक गाडीत लॅपटॉपवर काम करतात, त्याचं काय? गृहीतक बदललं की आकडाही बदलतो.

दुसरा फायदा क्षमतेचा. एकाच रुळावर जलद, लोकल आणि मालगाड्या धावल्या, की वेगातल्या फरकामुळे एकूण गाड्या कमी बसतात. जलद गाड्या नव्या लाइनवर गेल्या की जुन्या लाइनवर जागा होते. म्हणजे नव्या गाडीत कधीच न बसणाऱ्यालाही फायदा! पण २०२३ मध्ये बर्मिंगहॅम ते मँचेस्टर टप्पा रद्द झाला. आता उत्तरेकडे जाणाऱ्या जलद गाड्या पुढे जुन्याच रुळांवर येणार.

मुंबई–अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरबद्दल वाचताना हेच तपासा: तुलना कशाशी केलीय? आजच्या रेल्वेशी, की ही लाइन झालीच नसती तर वीस वर्षांनी जी स्थिती असती तिच्याशी?